ओबो की पितळ? एका पावसाळी रात्रीच्या गाण्याचं प्रकरण

प्रकरण काय आहे

१९८५-८६च्या हिवाळ्यात लंडनमध्ये एक गाणं जवळपास पुरं झालं होतं. शब्द ठरले होते, चाल बसली होती. वाद उरला तो एका वाद्याचा. गाण्यात शब्द थांबतात तिथे ओबो हे फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य वाजावं की पितळी वाद्य? निर्मात्याला ओबो हवा होता. ज्याने गाणं लिहिलं होतं आणि जो ते गात होता, त्याला पितळच हवं होतं. दोघंही मागे हटणाऱ्यातले नव्हते आणि रेकॉर्ड तर काढायचीच होती.

गाणं म्हणजे द पोग्ज या फोक-पंक, म्हणजे लोकसंगीत आणि पंक रॉक यांची सांगड घालणाऱ्या, बँडचं 'अ रेनी नाइट इन सोहो'. लिहिणारा-गाणारा शेन मॅकगवन, निर्माता एल्विस कॉस्टेलो, जो स्वतःही गायक-गीतकार. फेब्रुवारी १९८६मध्ये ते 'पोग्ट्री इन मोशन' या चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर आलं. ब्रिटनच्या खपाच्या यादीत ती रेकॉर्ड २९व्या क्रमांकापर्यंत चढली आणि उतरली. जवळजवळ ३८ वर्षांनी, ८ डिसेंबर २०२३ला, आयर्लंडमधल्या एका चर्चमध्ये मॅकगवनच्या शवपेटीसमोर हेच गाणं गायलं गेलं.

प्रेमगीतं शेकड्याने येतात आणि हातावर मोजण्याइतकी टिकतात. एखादं का टिकलं असं कोणी विचारलं की 'भावना खरी होती' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण भावना पडलेल्या गाण्यातलीही खरीच असते. टिकलेल्या गाण्यामागे कोणीतरी, कुठल्यातरी दिवशी, काहीतरी ठरवलेलं असतं, आणि काही गोष्टी मुद्दाम न ठरवता सोडलेल्या असतात. या गाण्याच्या बाबतीत ते दोन्ही स्पष्ट दिसतं, म्हणून हे प्रकरण मांडतो आहे. माझं म्हणणं असं की सूर कुठल्या जागेचा असावा हे इथे ठामपणे ठरवलं गेलं आणि गाण्यातली 'तू' कोण हे तसंच सोडून दिलं. गाणं जगलं ते या दोन्हींच्या जोरावर.

ज्यांची नावं जगजाहीर आहेत तेवढीच घेतली आहेत. बाकीच्यांना त्यांच्या कामावरून ओळखावं.

पार्श्वभूमी

द पोग्ज हा बँड १९८२मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात जमला. मोठ्या रेल्वे स्टेशनालगतची ही वस्ती तेव्हा स्वस्त भाड्याची आणि रया गेलेली होती. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तिथल्याच 'पिंडार ऑफ वेकफील्ड' नावाच्या पबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. बँडचं मूळ नाव 'पोग महोन'. आयरिश भाषेतल्या एका शिवीवजा वाक्प्रचारावरून ते घेतलं होतं. अर्थ साधारण 'माझ्या ढुंगणाचा मुका घे' असा. भाषा जाणणाऱ्यांनी तक्रार केल्यावर नाव छोटं झालं आणि 'पोग्ज' उरलं.

या मंडळींनी पंकचा वेग, पंकचा राग आणि पंकची बेपर्वाई घेतली. हातात मात्र आयरिश घरांत आणि पबांत वाजणारी वाद्यं होती: टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), बँजो, अकॉर्डियन. स्पायडर स्टेसी व्हिसल वाजवायचा आणि मधूनच बिअरचा पत्र्याचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. जेम फाइनर बँजोवर, जेम्स फर्नली अकॉर्डियनवर. समोर उभी असलेली पोरं उड्या मारत, एकमेकांवर आदळत, ग्लास सांडत ऐकायची. प्रेमगीत ऐकायला आलेली गर्दी ती नव्हतीच.

मॅकगवनचा जन्म २५ डिसेंबर १९५७चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. आईवडील आयरिश. लहानपणीचा बराच काळ आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यात आजोळी, शेतावरच्या घरात गेला. तिथे रात्र रात्र गाणी व्हायची. पुढे इंग्लंड, वेस्टमिन्स्टरसारख्या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती आणि अमली पदार्थांवरून त्याच शाळेतून हकालपट्टी. मग पंक. आपल्याकडे चाकरमान्याबद्दल म्हणतात की माणूस मुंबईत आणि मन कोकणात. मॅकगवनचं त्याच्याही पुढचं होतं. तो लंडनचाच होता, लंडनच्या गल्ल्या त्याला तोंडपाठ होत्या, आणि गाणी मात्र त्या आजोळच्या घरात ऐकलेल्या सुरांवरच चालायची. आयर्लंडमध्ये तेव्हा बेकारी होती, माणसं लंडनला येऊन बांधकामांवर राबत होती, आणि त्यांच्या पुढच्या पिढीला आपलं म्हणता येईल असं काही ऐकायला मिळालं ते या बँडकडून.

सगळ्यांना ते रुचलं नाही. १९८५मध्ये आयरिश रेडिओवरच्या एका चर्चेत नोएल हिल या नावाजलेल्या कॉन्सर्टिनावादकाने (कॉन्सर्टिना म्हणजे अकॉर्डियनचं छोटं भावंड) त्यांच्या संगीतावर फार कडक टीका केली. बँडने उत्तर दिलं ते वाजवून. 'पोग्ट्री इन मोशन'मधल्या एका वाद्यरचनेला त्यांनी सरळ त्याचंच नाव दिलं. आपलं गाणं याच रेकॉर्डवर आहे. एकीकडे 'तुम्ही परंपरेची वाट लावताय' या आरोपाला चोख उत्तर आणि शेजारी हे हळुवार प्रेमगीत. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्यांच्यावर धसमुसळेपणाचा शिक्का बसला होता, त्यांनी त्याच दमात आपल्याला हळूही बोलता येतं हे दाखवलं.

कॉस्टेलो या बँडला नवखा नव्हता. १९८५चा त्यांचा दुसरा अल्बम त्यानेच केला होता. त्या कामाबद्दल त्याने पुढे सांगितलंय की कोणा सराईत निर्मात्याने या बँडचं मोडकळीला आलेलं वैभव बिघडवायच्या आत ते टेपवर धरून ठेवणं हेच आपलं काम होतं. इतकी नेमकी समज असलेला माणूस ओबोचा आग्रह धरतो, म्हणजे त्यामागे लहर नव्हती. काहीतरी त्याच्या कानाने ऐकलं होतं.

अडचण

पोग्जनी संथ गाणी याआधीही केली होती. पण ती युद्धाची होती, शहराची होती, दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीची होती. या गाण्यात आडोसा नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाला सांगतोय की मी तुझ्यावर फार वर्षं प्रेम करत आलोय. पहिलीच ओळ अशी. सुरुवात नजरानजरेची नाही, पहिल्या भेटीची नाही, मध्येच कुठूनतरी, वर्षांच्या वर्षं उलटल्यावरची आहे. तुझ्या दुःखांसाठी रडलो, तुझ्या बारीकसारीक तऱ्हांवर हसलो. मग बरोबरीचे मित्र येतात. सोबत वाढलेले, एकेक करत पडलेले, काही स्वर्गात गेलेले, काही नरकात.

त्यानंतर ती पावसाची सर. सरीपासून आडोसा शोधत तो आत शिरतो आणि शिरतो तो थेट तिच्या मिठीत. सोहो हे नाव गाण्यात इथेच येतं, एकदाच. शीर्षक गाण्यात एकदाच उच्चारायचं आणि पुढे निघून जायचं, याला धारिष्ट लागतं. भावगीत म्हटलं की आपल्याला ध्रुवपद लागतं. दोन ओळी पुन्हा पुन्हा येतात, ओठांवर बसतात, गाणं त्यांच्यावरून ओळखलं जातं. इथे ध्रुवपदच नाही. कडव्यामागून कडवं येतं, चाल तीच राहते आणि शब्द मागे न वळता पुढे जातात. आयुष्यही मागे फिरून तीच ओळ पुन्हा म्हणत नाही, म्हणून ही रचना या गाण्याला शोभते.

अडचण इथूनच सुरू होते. ध्रुवपद नसलं की ऐकणाऱ्याला टेकायला जागा राहत नाही. पाच मिनिटांहून मोठं गाणं, तीच चाल, आणि गाणाऱ्याचा आवाज असा की गोड म्हणता येणार नाही. मॅकगवनचा गळा खरखरीत, शब्द दाताओठांत अर्धे अडकलेले. तो गातो तेव्हा बरंचसं बोलल्यासारखंच वाटतं. तेव्हा शब्द थांबतात ती जागा या गाण्यात फार मोलाची ठरते. तिथे जे वाजेल ते ध्रुवपदाचं काम करणार होतं. ऐकणारा पुढे ज्या सुराची वाट पाहणार, जो सूर घेऊन घरी जाणार, तो तिथेच ठरणार होता.

म्हणून वाद 'कुठलं वाद्य छान वाटतं' इतका साधा नव्हता. गाण्याला बोलायला दुसरा आवाज कुणाचा द्यायचा, हा प्रश्न होता.

समोरचे पर्याय

*ओबो.* ओबो आपल्या सनईच्या कुळातला. दोन पाती जोडून केलेली जीभ ओठांत धरून फुंकायचं, पुढे निमुळत्यातून रुंद होत जाणारी लाकडी नळी. सूर टोकदार, जरासा नाकातला, आर्त. पाश्चात्त्य वाद्यवृंद कार्यक्रमाआधी सूर मिळवतो तो ओबोच्याच सुरावर, इतका तो पक्का. तिकडच्या परंपरेत ओबो ऐकला की बहुधा कुरणं, मेंढपाळ, सकाळ, दूरवरचं गाव डोळ्यांपुढे येतं. कॉस्टेलोचा कान अशा रंगांकडे ओढलेला होता हे पुढे सगळ्यांनी पाहिलं. १९९३मध्ये त्याने तंतुवाद्यांच्या चौकडीसोबत अख्खा अल्बम केला, १९९८मध्ये बर्ट बॅकरॅक या अमेरिकन संगीतकारासोबत केला. ओबोने या गाण्याला उंची मिळेल, मॅकगवनच्या खरखरीत गळ्याशेजारी एक स्वच्छ रेघ उमटेल, असा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. विचार वाईट नव्हता.

*पितळ.* पितळी वाद्यात सूर निघतो तो ओठांच्या थरथरीतून. लाकूड नाही, जीभ नाही, वाजवणाऱ्याचा ओठ आणि श्वास थेट धातूत. त्यामुळे सूर गोल असतो, ऊबदार असतो आणि जरा डळमळतो. माणसाच्या आवाजाशी त्याचं नातं जवळचं. पोग्जच्या १९८५च्या अल्बमवर डिक कथेल या वादकाचं पितळी वाद्य आधीच वाजलेलं होतं, म्हणजे बँडला हा आवाज परका नव्हता.

*घरचीच वाद्यं.* व्हिसल किंवा अकॉर्डियनवर ती जागा भरता आली असती. मग गाणं सरळ आयरिश झालं असतं आणि गाण्याचं गाव टिपरेरी ठरलं असतं.

*काहीच नको.* जागा मोकळीच ठेवायची, पियानो आणि तारांवर सोडून द्यायची. गळा दमदार असता तर ही वाट चालली असती.

शेवटचे दोन पर्याय त्यांनी किती गांभीर्याने घेतले ते बाजूला ठेवतो. मी ते मांडले कारण ओबो आणि पितळ यांच्यातला फरक त्यांच्याशेजारी ठेवला की उठून दिसतो. व्हिसल गाण्याला आयर्लंडला नेते, ओबो इंग्लंडच्या कुरणांत नेतो, आणि पितळ त्याला आहे तिथेच ठेवतं, सोहोत.

सोहो म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. लंडनच्या ऐन मध्यातला, चारी बाजूंनी मोठ्या रस्त्यांनी वेढलेला चिंचोळ्या गल्ल्यांचा तुकडा. परदेशातून आलेल्यांच्या खानावळी, रात्री उशिरापर्यंत चालणारे पब, लाल दिव्यांच्या माड्या, संगीतकारांचे अड्डे. तिथल्या फ्रिथ स्ट्रीटवर रॉनी स्कॉट्स हा जाझचा क्लब आहे. १९५९मध्ये तो जवळच्या जेरार्ड स्ट्रीटवर सुरू झाला आणि १९६५मध्ये इथे आला. रात्री त्या गल्लीत पावसात दारापाशी उभं राहिलं तर दाराच्या फटीतून कुठला सूर बाहेर येईल? सॅक्सोफोनचा, ट्रम्पेटचा, हॉर्नचा. फुंकून वाजणाऱ्या, शहरी, रात्रीच्या वाद्यांचा. ओबोचा येणार नाही.

निर्णय

मॅकगवनने पितळ धरलं आणि ब्रिटनमध्ये निघालेल्या रेकॉर्डवर पितळच गेलं. कॉस्टेलोचं ओबोचं मिक्सही, म्हणजे ओबो ठेवून सगळे आवाज एकत्र बसवलेलं रूप, फेकून दिलं गेलं नाही. तेही बाहेर आलं आणि त्यालाही माणसं मिळाली. आजही या गाण्यावर जीव असलेली दोन माणसं भेटली की कोणतं मिक्स यावर बोलणं होतंच.

हा निर्णय घेणारा माणूस बरोबर होता का? मला वाटतं होता, आणि त्याचं कारण गाणं त्याने लिहिलं एवढंच नाही. लिहिणाऱ्याचंच ऐकावं असा काही नियम नाही. कित्येक गीतकार स्वतःच्या गाण्याला साखरेत घोळून मारतात आणि निर्माता त्यांना वाचवतो. इथे उलट झालं. शब्द कुठल्या रस्त्यावर उभे आहेत हे गीतकाराला माहीत होतं. ज्या गल्ल्यांत तो स्वतः वावरत होता, त्या गल्ल्यांचा आवाज त्याला ऐकू येत होता. कॉस्टेलो गाण्याला सुंदर करत होता. मॅकगवनला ते तिथलं हवं होतं.

दोन्ही मिक्स मी हेडफोन लावून एकापाठोपाठ एक ऐकले. ओबो येतो तेव्हा चालीची रेषा जास्त स्पष्ट दिसते, हे खरं आहे. चाल किती देखणी आहे ते ओबोमुळे कळतं. पण त्या क्षणी मी त्या दोघांपासून एक पाऊल मागे सरकतो, जणू कुणी खिडकी लावून घेतली आणि मी काचेतून पाहतोय. पितळ आलं की खिडकी उघडी आणि अंगावर ओल. मॅकगवनचा आवाज जिथे थांबतो तिथून पितळ उचलतं, आणि दोन्हीत श्वासाचं वजन सारखंच असल्यामुळे सांधा कळत नाही. एकाच माणसाने शब्द संपल्यावर गुणगुणायला सुरुवात करावी तसं.

एक निर्णय जो घेतलाच नाही

आता दुसरी बाजू. गाण्यातली 'तू' कोण?

पहिल्यांदा ऐकलं की उत्तर सोपं वाटतं: प्रेयसी. मग एका कडव्यात सकाळी जाग येते तेव्हा उशाशी एक 'जिंजर' बाई असते. इंग्रजीत लालसर केसांच्या माणसाला जिंजर म्हणतात. जिंजर म्हणजे आलं, आणि आल्याची वाइनही असते. त्यामुळे ती बाई आहे की बाटली, यावर ऐकणाऱ्यांत दोन तट आहेत. मॅकगवनचं पिणं जगजाहीर होतं, म्हणून बाटलीवाल्यांची बाजू भक्कम. त्याच कडव्यात शांततेची चादर ओढून पडलेल्या माणसाला डोक्यात 'तुझा' आवाज ऐकू येतो. म्हणजे 'तू' शेजारी नाही? गेली आहे? मेली आहे? की 'तू' म्हणजे ते जुनं गाणंच, ज्याचं काय झालं असं तो वाटेत विचारतो? की पोरपणी सोडून यावं लागलेलं ते गाव?

गाणं एकाही अर्थाला दार बंद करत नाही. शेवटाकडे तो सांगतो की मी भविष्यासाठी गात नाही, भूतकाळाची स्वप्नं पाहत नाही. आणि अगदी शेवटी म्हणतो, गाणं आता संपत आलंय, त्याचा अर्थ आपल्याला कदाचित कधीच कळणार नाही. तरी माझ्यापुढे एक उजेड आहे. माझ्या स्वप्नांचं माप म्हणजे तू.

प्रेमगीतात 'अर्थ कळणार नाही' असं लिहिणं सोपं नाही. हाताशी असलेली कुठलीही निर्माती यंत्रणा म्हणेल, हे काढ, लोक गोंधळतील. इथे ते राहिलं. कॉस्टेलोचंही यात श्रेय आहे. वाद्यावरून तो भांडला, शब्द मात्र आहेत तसेच राहिले. ज्या निर्मात्याला हात कुठे लावायचा नाही हे कळतं, तो एका वाद्यावरून चुकला तरी त्याच्याबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

आणि ही मोकळी ठेवलेली 'तू' हीच पुढच्या सगळ्या वर्षांत गाण्याच्या कामी आली. लग्नात ते वाजू शकतं, कारण त्यात मिठी आहे. जुन्या मित्रांच्या मैफलीत वाजू शकतं, कारण त्यात गळून पडलेले मित्र आहेत. आणि मेलेल्या माणसासमोर वाजू शकतं. फक्त लग्नासाठी किंवा फक्त अंत्ययात्रेसाठी लिहिलेलं गाणं हे तिन्ही करू शकलं नसतं.

परिणाम

लगेचचा परिणाम बेताचाच. रेकॉर्ड २९व्या क्रमांकापर्यंत गेली. ज्या कंपनीने ती काढली तिची आर्थिक घडी पुढे विस्कटली आणि बँडचा पुढचा अल्बम लांबला. त्याच हिवाळ्यात याच मंडळींनी न्यूयॉर्कमधल्या नाताळाचं एक गाणंही करून पाहिलं होतं. तेव्हा ते जमलं नाही. ते १९८७मध्ये दुसऱ्या निर्मात्याकडे, कर्स्टी मॅकॉलच्या आवाजासह पुरं झालं आणि नाताळात ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. दर डिसेंबरला ते दुकानादुकानांत वाजतं. सोहोचं गाणं त्या मानाने सावलीत राहिलं, आणि मला वाटतं त्यामुळे ते झिजलं नाही.

१९९१मध्ये बँडच्या निवडक गाण्यांचा संग्रह निघाला, तेव्हा हे गाणं पुन्हा मिक्स करून सुटं काढलं गेलं. ते ६७व्या क्रमांकावर थांबलं. त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यात मॅकगवनला त्याच्याच बँडने काढून टाकलं. पिण्यामुळे तो मंचावर उभा राहण्याच्या स्थितीत राहिला नव्हता.

बाजाराच्या हिशोबात गाणं इथे संपायला हवं होतं. पण १९९२मध्ये ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हने मॅकगवनसोबत एक रेकॉर्ड काढली आणि तिच्यावर हे गाणं स्वतः गायलं. हे फार महत्त्वाचं वळण. त्या दिवसापासून गाणं एका बँडचं राहिलं नाही. खरखरीत गळ्याशिवाय, टिन व्हिसलच्या शेजाराशिवाय, दुसऱ्याच घडणीच्या गायकाच्या तोंडीही ते उभं राहतं हे कळलं. पुढे पोग्जच्या जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ही गाणी जोडली गेली आणि छोट्या रेकॉर्डवर अडकलेलं गाणं नव्या पिढीच्या हाती लागलं. २००१पासून बँड मॅकगवनसह पुन्हा एकत्र येऊन वाजवू लागला होता. ज्यांनी कधीकाळी उड्या मारल्या होत्या ते आता केस पांढरे झालेले, बायकोचा किंवा नवऱ्याचा हात धरून उभे. गाण्याची पहिली ओळ त्यांच्या बाबतीत खरी होऊन बसली होती. विशीतल्या पोराला ती ओळ फक्त लिहिता येते. ती खरी व्हायला वेळ लागतो.

३० नोव्हेंबर २०२३ला डब्लिनमध्ये मॅकगवन गेला, ६५ वर्षांचा होऊन. ८ डिसेंबरला डब्लिनच्या रस्त्यांवरून घोडागाडीतून शवपेटी नेली. दोन्ही बाजूंना माणसं गात उभी होती. मग टिपरेरीत, आजोळच्या मुलखातल्या नीना या गावी चर्चमध्ये प्रार्थना झाली. तिथे निक केव्ह पियानोशी बसला आणि त्याने हे गाणं म्हटलं. ३१ वर्षांपूर्वी जे त्याने मित्रासोबतच्या रेकॉर्डवर गायलं होतं, ते मित्राच्या शवपेटीसमोर. गाणं संपत आलंय असं गाण्यातच म्हटलेलं. त्या ओळीला त्या चर्चमध्ये काय वजन आलं असेल ते मी सांगायला नको. मे २०२४मध्ये आयर्लंडमधल्या किल्केनीतल्या मैफलीत ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकानेही तेच गायलं.

वेगळं काय करता आलं असतं

शेवटचा शब्द कुणाचा, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलेलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडेही संगीतकार आणि संयोजक यांच्यात हे रोज घडतं: एकाला बासरी हवी, दुसऱ्याला सारंगी, आणि भांडण सुरू होतं ते मिक्सिंगला बसल्यावर, स्टुडिओचे तास संपत आलेले असताना. दोन्ही वाद्यं गाणाऱ्याच्या समोर, त्याचा आवाज चालू ठेवून, आधीच वाजवून पाहिली तर निम्मे वाद कानच मिटवतात. वाद्याला एकटं ऐकून निवडलं की सुंदर वाद्य जिंकतं. गळ्याशेजारी ऐकलं की योग्य वाद्य जिंकतं.

दुसरं, दोन्ही मिक्स एकाच रेकॉर्डवर देता आले असते. छोटी रेकॉर्ड ही त्यासाठी सोयीची जागा होती, आणि कॉस्टेलोचं काम आडवाटेने ऐकणाऱ्यांपर्यंत पोचलं त्याऐवजी मानाने पोचलं असतं.

तिसरं, १९९१मध्ये गाणं पुन्हा मिक्स करण्याचा निर्णय मला पटत नाही. पाच वर्षं जुन्या गाण्याला नवं रूप देऊन यादीत वर चढवता येईल असा त्यामागचा हिशोब दिसतो. या गाण्याला वर चढायचंच नव्हतं. मूळचं होतं तसं, नुसतं पुन्हा छापून दुकानात ठेवलं असतं तरी चाललं असतं.

'तू' कोण ते मात्र कुणीही, कधीही स्पष्ट करायला नको होतं, आणि गाण्याच्या आत ते झालं नाही.

दोन्ही मिक्स आज ऐकायला मिळतात. आधी ओबोचं ऐका, मग पितळाचं. मधे पाच मिनिटं दुसरं काही लावू नका, आणि जमलं तर बाहेर पाऊस असताना ऐका.